पेन्शन नसलेल्या पिढीचा म्हातारपणाचा पैसा

मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले लाखो सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले होते. त्या संपावर बरीच उलटसुलट चर्चा झाली, पण मूळ मुद्दा सरळ होता. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन लागू नव्हती. शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता आणि तीही मरेपर्यंत, ही किती मोठी गोष्ट आहे हे त्या कर्मचाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

हिंजवडीत, चाकणला किंवा वाळूजला खासगी नोकरी करणाऱ्या पंचविशीतल्या मुलामुलींच्या वाट्याला अशी पेन्शन कधी येणारच नव्हती. त्यांची अडचण आणखी एक आहे. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, वडील सरकारी खात्यातून. दोघांचीही पेन्शन महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा होते. म्हणजे म्हातारपणासाठी पैसा स्वतः उभा करायचा असतो, हे घरात कुणी करताना या मुलांनी पाहिलेलंच नाही. विचारायचं कुणाला? मग सल्ला देतो तो सोसायटीतला विमा एजंट, नाहीतर मोबाइलवरचा व्हिडिओ. म्हणून हा विषय मुळापासून आणि आकड्यांसकट सांगतो.

सॅलरी स्लिपमध्ये काय दडलंय

समजा, २३ वर्षांची सायली चाकणच्या एका कंपनीत लागली. तिचं बेसिक, म्हणजे मूळ पगार, १५,००० रुपये. त्यातले १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, दर महिन्याला पीएफमध्ये कापले जातात. कंपनीही तेवढेच भरते. पण कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० रुपये पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएसमध्ये जातात आणि पीएफमध्ये पडतात फक्त ५५०. स्लिपवर ही फोड बहुतेक वेळा दिसत नाही. पासबुक उघडलं की दिसते.

ईपीएसची पेन्शन किती मिळेल, याचं सूत्र सोपं आहे. पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा २०१४ पासून १५,००० रुपये आहे. ३५ वर्षं नोकरी केली तर १५,००० गुणिले ३५ भागिले ७०, म्हणजे महिना ७,५०० रुपये. त्यात महागाई भत्ता नाही.

राहिला पीएफ. महिन्याला २,३५० रुपये जमा होतात. २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी व्याजदर ८.२५ टक्के होता. पुढे सरासरी आठ टक्के मिळाले आणि बेसिक आहे तेवढंच राहिलं असं धरलं, तर साठीपर्यंत सुमारे ६४ लाख होतात. आकडा मोठा वाटतो, पण तो ३७ वर्षांनंतरचा आहे. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर तेव्हाच्या ६४ लाखांत आज साडेसात लाखांना जे येतं, तेवढंच येईल.

बेसिक वाढत जाईल, त्यामुळे प्रत्यक्षात रक्कम यापेक्षा जास्त होईल हे खरं. पण अनेक कंपन्या पगार कितीही वाढला तरी पीएफ १,८०० वरच गोठवून ठेवतात, हेही तितकंच खरं. आपल्या कंपनीत काय आहे, ते एचआरला विचारून घ्या.

पीएफ वाईट आहे, असं मी म्हणत नाही. उलट सुरक्षित पैशासाठी याहून चांगली जागा पगारदाराला सहसा मिळत नाही. नोकरी बदलताना हा पैसा काढून नवा फोन किंवा बाइक घेतात, त्याचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. रक्कम पाच वर्षांच्या आत काढली तर त्यावर करही लागतो. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा क्रमांक, एकच असतो. जुनं खातं नव्या नोकरीत ट्रान्सफर करून घ्यायचं आणि विसरून जायचं.

महागाईशी गाठ

सहा टक्के महागाईत रुपयाची किंमत साधारण १२ वर्षांत निम्मी होते. ३७ वर्षांत किमती साडेआठ पटींहून थोड्या जास्त होतात. आज ४० हजारांत चालणारं घर सायलीच्या साठीला महिन्याला जवळपास साडेतीन लाख मागेल. तेही घर तेच, जेवण तेच, औषधं न वाढता.

एफडीचं व्याज कर भरल्यावर महागाईच्या आसपासच राहतं, कधी त्याखालीही जातं. त्या पैशाला धक्का लागत नाही, पण त्याची वाढही होत नाही. पाच वर्षांनी लागणाऱ्या पैशासाठी हे चालतं. पस्तीस वर्षांसाठी नाही.

शेअर्स महागाईच्या पुढे का जाऊ शकतात? दुकानात साबण महाग झाला की आपण कुरकुरत जास्त पैसे देतो. तो जास्तीचा पैसा साबण बनवणाऱ्या कंपनीच्या विक्रीत जमा होतो. आपल्याला जी महागाई सोसावी लागते, ती कुठल्यातरी कंपनीची कमाई असते. शेअर घेतला की त्या कंपनीच्या मालकीचा छोटासा हिस्सा आपला होतो, आणि मालक म्हणून आपण व्यवहाराच्या दुसऱ्या बाजूलाही उभे राहतो. त्यात देशाची वाढ मिळवा: लोकसंख्या, शहरं, रस्ते, कर्ज घेणारे, विमा घेणारे. कंपन्यांचा नफा दीर्घकाळात वाढतो आणि शेअरची किंमत शेवटी नफ्याच्या मागेच जाते. मधल्या काळात कुठेही जाईल, पण शेवटी तिथेच.

सेन्सेक्स म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा तीस मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक. त्याचा पाया १९७८-७९ सालचा, १०० अंकांचा. सप्टेंबर २०२४ मध्ये तो ८५ हजारांच्या पुढे गेला. म्हणजे ४५ वर्षांत साडेआठशे पट, आणि मधल्या वर्षांचा लाभांश, म्हणजे कंपन्यांनी वाटलेला नफा, यात धरलेलाच नाही. पुढची ४५ वर्षं अशीच जातील असं मात्र कुणी सांगू नये. १९८०-९० च्या दशकांत कंपन्या लहान होत्या, महागाई जास्त होती. आताचा अंदाज बांधताना हात आखडताच ठेवायला हवा.

एका कंपनीवर भिस्त का ठेवायची नाही

१९८६ मध्ये सेन्सेक्स सुरू झाला, तेव्हाच्या तीस कंपन्यांत कुर्ल्याला पद्मिनी गाड्या बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, ॲम्बेसेडरवाली हिंदुस्तान मोटर्स होती, बॉम्बे डाइंग होती. त्या काळात यांपैकी कुठलाही शेअर भक्कमच मानला गेला असता. आज त्या निर्देशांकात त्यांचा मागमूस नाही.

सत्यमचं उदाहरण तर अगदी जवळून पाहण्यासारखं आहे. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबुली दिली की ताळेबंदातले आकडे खोटे होते. तो शेअर एका दिवसात तीन चतुर्थांशाहून जास्त कोसळला. ज्यांनी आयुष्याची कमाई सत्यममध्ये लावली होती त्यांचं वाटोळं झालं. निर्देशांकाने काय केलं? त्याच महिन्यात सत्यमला सेन्सेक्समधून काढलं आणि तिच्या जागी सन फार्मा आली. तीस कंपन्यांचा मालक असलेल्या गुंतवणूकदाराला धक्का बसला, पण तेवढाच.

इंडेक्स फंड, म्हणजे निर्देशांकाची नक्कल करणारा म्युच्युअल फंड, हेच करतो. निफ्टी ५० इंडेक्स फंड तुमचे पैसे राष्ट्रीय शेअर बाजाराच्या निफ्टी निर्देशांकातल्या ५० मोठ्या कंपन्यांत, निर्देशांकात त्यांचं जितकं वजन असेल त्या प्रमाणात लावतो. कुठली कंपनी चांगली, कुठली वाईट, यावर कुणी डोकं लढवत नाही. ज्या कंपन्या आकसतात त्या आपोआप बाहेर पडतात, मोठ्या होणाऱ्या आत येतात. अमेरिकेत जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी असा पहिला फंड काढला तेव्हा त्यांना १५ कोटी डॉलर गोळा होण्याची अपेक्षा होती, मिळाले जेमतेम सव्वा कोटीच्या आत. ‘सरासरीवर समाधान कोण मानेल?’ असा तेव्हाचा सूर होता. आज जगात निवृत्तीचा अवाढव्य पैसा याच पद्धतीने गुंतलेला आहे. आपला पीएफ सांभाळणारी ईपीएफओसुद्धा ऑगस्ट २०१५ पासून नव्या जमा रकमेचा काही भाग निर्देशांकावर आधारित ईटीएफमध्ये, म्हणजे शेअरसारख्या बाजारात विकत मिळणाऱ्या फंडांत, टाकते आहे. म्हणजे ‘आमच्या घरात कुणी शेअर बाजारात नाही’ म्हणणाऱ्या पगारदाराचा थोडा पैसा तिथे गेलेलाच आहे.

दुसरे फंड असतात ते ॲक्टिव्ह. फंड मॅनेजर शेअर निवडतो आणि त्याचे पैसे घेतो. काही मॅनेजर खरंच चांगलं काम करतात. पण मोठ्या कंपन्यांत गुंतवणूक करणाऱ्या फंडांपैकी बरेचसे दीर्घ मुदतीत आपल्याच निर्देशांकाच्या मागे पडतात, हे फंडांची निर्देशांकाशी तुलना करणाऱ्या एस अँड पीच्या स्पिव्हा अहवालांत वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. आणि पुढच्या ३५ वर्षांतला चांगला मॅनेजर आज ओळखायचा कसा? तो कदाचित अजून शाळेत असेल. म्हणून निवृत्तीच्या पैशाचा कणा इंडेक्स फंडाचा असावा, असं माझं ठाम मत आहे. निफ्टी ५०, त्याच्या जोडीला हवा तर त्यानंतरच्या ५० कंपन्यांचा निफ्टी नेक्स्ट ५०, किंवा थेट निफ्टी ५०० चा एकच फंड. यापुढे फंडांची संख्या वाढवून फारसं काही पदरात पडत नाही.

दहा वर्षं उशीर झाला तर

आता सायलीने २३ व्या वर्षी इंडेक्स फंडात महिना ५,००० रुपयांची एसआयपी, म्हणजे दर महिन्याची ठरावीक गुंतवणूक, लावली आणि वर्षाला दहा टक्के परतावा मिळाला असं धरू. जाहिरातींत बारा-पंधरा टक्के धरतात, मी मुद्दाम कमी धरतोय. जानेवारी २००८ च्या शिखरापासून सप्टेंबर २०२४ च्या शिखरापर्यंत सेन्सेक्स चौपट झाला, म्हणजे लाभांश सोडून वर्षाला नऊ टक्क्यांच्या जरा आत. तेव्हा दहा हा आकडा जमिनीवर पाय ठेवून धरलेला आहे.

साठीला सायलीकडे सुमारे २ कोटी ३३ लाख असतील. तिने भरलेले एकूण २२ लाख २० हजार. हीच एसआयपी तिने ३३ व्या वर्षी सुरू केली असती तर? भरले असते १६ लाख २० हजार आणि झाले असते सुमारे ८२ लाख. पहिल्या दहा वर्षांत भरलेले फक्त सहा लाख शेवटी दीड कोटींचा फरक पाडतात. कारण त्या सहा लाखांना वाढायला सगळ्यांत जास्त वेळ मिळतो. लग्न झाल्यावर, घर झाल्यावर, मुलं मोठी झाल्यावर बघू, असं म्हणणाऱ्याच्या हातून नेमका हाच काळ जातो.

पण इथे थांबलो तर मी तुमची दिशाभूल केल्यासारखं होईल. ते २ कोटी ३३ लाख आजच्या किमतीत साधारण २७ लाख आहेत. सत्तावीस लाखांत पंचवीस वर्षांचं म्हातारपण निघत नाही. ‘महिना पाच हजार भरा, कोट्यधीश व्हा’ हे वाक्य गणितात खरं असलं तरी त्यावर विसंबून राहाल तर साठीला हात चोळत बसाल.

यावरचा उपाय म्हणजे दरवर्षी एसआयपी वाढवणं. बहुतेक फंडांत स्टेप-अपची सोय असते. पाच हजारांनी सुरुवात करून दरवर्षी दहा टक्के वाढवली, म्हणजे दुसऱ्या वर्षी ५,५००, तिसऱ्या वर्षी ६,०५०, तर त्याच दहा टक्के परताव्याने साठीला सुमारे पावणेआठ कोटी होतात. आजच्या किमतीत नव्वद लाख. त्यात पीएफ मिळवा, आणि आता म्हातारपणाचं चित्र बऱ्यापैकी दिसायला लागतं. आज ४० हजारांत भागणाऱ्या घराला वर्षाला ४ लाख ८० हजार लागतात. वर्षाच्या खर्चाच्या तीसपट रक्कम हाती असावी हा एक सावध हिशेब. म्हणजे आजच्या किमतीत १ कोटी ४४ लाख. सायली तिथवर पोहोचू शकते, पण पगार वाढला की एसआयपीही वाढली पाहिजे. इन्क्रिमेंटचं पत्र आलं की त्याच आठवड्यात वाढवायची. वाढीव पगार हातात पडून दोन-तीन महिने गेले की तो खर्चात मुरतो, आणि मग सापडत नाही.

बाजार पडतो तेव्हा

८ जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला होता. ९ मार्च २००९ ला तो ८,१६० वर होता. लाखाचे ३९ हजार. २३ मार्च २०२० ला, टाळेबंदीच्या तोंडावर, सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांनी पडला. ३५ वर्षांच्या प्रवासात असे प्रसंग तीन-चारदा तरी येतील, असं धरूनच चालायचं.

ज्याला अजून तीस वर्षं खरेदी करायची आहे, त्याच्यासाठी किंमत पडणं ही आपत्ती नसते. हे आकड्यांत बघा. फंडाची एनएव्ही, म्हणजे फंडातल्या एका हिश्शाची (युनिटची) किंमत, ५० रुपये असताना ५,००० रुपयांत १०० युनिट आले. पुढच्या महिन्यात बाजार कोसळून एनएव्ही २५ झाली. त्याच ५,००० रुपयांत २०० युनिट मिळाले. आता १०,००० रुपयांत ३०० युनिट तुमच्याकडे आहेत. एनएव्ही ४० पर्यंतच सावरली, मूळ ५० वर आलीच नाही, तरी त्यांची किंमत १२,००० होते. एसआयपी चालू ठेवणाऱ्याचा फायदा पडझडीतच होतो. बंद करणाऱ्याला तो मिळत नाही. मार्च २०२० मध्ये घाबरून बाहेर पडलेल्यांच्या डोळ्यांदेखत त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सेन्सेक्स नव्या उच्चांकावर गेला.

मात्र ‘धीर धरा’ एवढं सांगून भागत नाही. २००८ आणि २०२०, दोन्ही वेळा बाजार पडला तेव्हाच नोकऱ्याही गेल्या, पगारही कापले गेले. घरभाडं द्यायला पैसे नसतील तर शहाण्यातला शहाणा माणूसही पडत्या भावात युनिट विकतो. म्हणून इक्विटी फंडाच्या, म्हणजे शेअर्समध्ये पैसे लावणाऱ्या फंडाच्या, आधी बचत खात्यात किंवा एफडीत सहा महिन्यांचा खर्च बाजूला असायला हवा. घरच्यांसाठी आणि स्वतःसाठी मेडिक्लेम हवा. आपल्यावर कुणी अवलंबून असेल तर टर्म इन्शुरन्स, म्हणजे निव्वळ मृत्यूचं कवच देणारा विमा, हवा. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती फेडा, कारण तिच्या व्याजाशी बरोबरी करणारा फंड जगात नाही. हा सगळा बंदोबस्त असेल, तरच पडझडीत एसआयपी चालू राहते. सहा महिन्यांच्या खर्चाची ती कंटाळवाणी एफडीच तुमच्या इक्विटीची खरी रखवालदार असते.

आणि बाजार कायम लवकरच सावरतो असंही नाही. जपानचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर होता. ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली २२ फेब्रुवारी २०२४ ला. चौतीस वर्षं लागली. तेव्हा जपानी शेअर्सचे भाव नफ्याच्या मानाने भलतेच फुगलेले होते, आणि ज्यांनी सगळा पैसा त्या शिखरावर एकदम घातला त्यांचं सर्वांत जास्त नुकसान झालं. दर महिन्याला खरेदी करणाऱ्याची सरासरी किंमत बरीच खाली आली असती. तरीही सगळाच पैसा शेअर्समध्ये नको, याचं याहून चांगलं कारण मला माहीत नाही. आपल्याकडच्या पगारदाराचा पीएफ हा त्याचा सुरक्षित भाग असतोच. त्यामुळे उरलेली निवृत्तीची बचत विशी-तिशीत इक्विटीत ठेवली तरी एकूण जोखीम बेताची राहते. ज्यांना पीएफ नाही, म्हणजे रिक्षावाले, डिलिव्हरी करणारी मुलं, छोटे दुकानदार, त्यांनी पीपीएफ या सरकारी बचत योजनेला तीच जागा द्यावी. अटल पेन्शन योजनेतही जरूर जावं, पण तिथली कमाल पेन्शन महिना ५,००० रुपये आहे, आणि ३७ वर्षांनंतरच्या ५,००० ची आजची किंमत सहा टक्के महागाईने ५८० रुपयांच्या आसपास येते. तेवढ्यावर विसंबू नये.

एक टक्का

फंड दरवर्षी खर्चापोटी ठरावीक टक्केवारी कापतो. ती वेगळी भरावी लागत नाही, एनएव्हीतूनच वजा होते, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक योजनेचे दोन प्लॅन असतात. रेग्युलर प्लॅनमध्ये वितरकाचं कमिशन असतं, डायरेक्टमध्ये नसतं. बाजाराची नियामक संस्था सेबीने जानेवारी २०१३ पासून डायरेक्ट प्लॅन सर्वांना खुला केला. निफ्टी ५० इंडेक्स फंडाच्या डायरेक्ट प्लॅनचा खर्च ०.२ टक्क्यांच्या आसपास मिळतो. ॲक्टिव्ह फंडाच्या रेग्युलर प्लॅनमध्ये तो दीड-दोन टक्क्यांपर्यंत जातो.

सायलीच्या न वाढवलेल्या पाच हजारांच्या एसआयपीत परतावा दहाऐवजी नऊ टक्के मिळाला, एवढाच फरक करा. २ कोटी ३३ लाखांचे १ कोटी ७७ लाख होतात. एका टक्क्याने ५६ लाख गेले. भरलेली सगळी रक्कम २२ लाख होती, हे लक्षात घेतलं की हा आकडा किती बोचरा आहे ते कळतं.

वितरक नकोच, असं माझं म्हणणं नाही. बाजार कोसळल्यावर फोन करून ‘थांब, काढू नकोस’ सांगणारा कुणी असेल, तर त्याने कमिशन कमावलं. पण नुसतं फॉर्म भरून देणाऱ्याला ३५ वर्षं एक टक्का कशासाठी द्यायचा? सल्ला हवा असेल तर सेबीकडे नोंदणी असलेला, एकदा फी घेऊन सल्ला देणारा गुंतवणूक सल्लागार गाठावा.

फॉर्म भरताना ‘ग्रोथ’ निवडा. दुसरा पर्याय फंडातलेच पैसे काढून तुम्हाला देतो आणि त्यावर कर लागतो, आणि आपल्याला तर ते आत वाढायला हवेत. नवा फंड बाजारात येतो तेव्हा ‘फक्त दहा रुपयांत युनिट’ म्हणून विकतात. दहा रुपयांची एनएव्ही स्वस्त नसते आणि दोनशेची महाग नसते. निफ्टी दहा टक्के वाढला की दोन्ही फंड दहा टक्केच वाढतात.

मार्च महिन्यात कर वाचवायचा म्हणून गळ्यात पडणाऱ्या विमा पॉलिसीबद्दल एवढंच: विमा आणि गुंतवणूक एकत्र करणाऱ्या पारंपरिक पॉलिसीतून साधारण पाच-सहा टक्केच हाती येतात आणि विम्याचं कवचही तुटपुंजं असतं. नव्या करप्रणालीत त्या हप्त्यावर वजावटही मिळत नाही, त्यामुळे घेण्याचं मुख्य कारणच उरलेलं नाही. ओळखीच्या काकांना नाही म्हणणं जड जातं, पण तो हप्ता वीस वर्षं तुम्हालाच भरायचा असतो. आणि फ्युचर्स-ऑप्शन्सला, म्हणजे पुढच्या भावांवर लावलेल्या सौद्यांना, गुंतवणूक समजू नका. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात तीन वर्षांत त्यात उतरलेल्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्याचं दिसलं.

एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, कुठे बसते? खर्च अतिशय कमी, इक्विटीचा मोठा हिस्सा ठेवता येतो, आणि कंपनी तुमच्या वतीने भरत असेल तर बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंतच्या रकमेवर नव्या करप्रणालीतही सवलत आहे. शेवटी काही रकमेची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून मिळणारं नियमित उत्पन्न, घ्यावी लागते, आणि पैसा मुख्यतः निवृत्तीपर्यंत अडकतो. ज्याच्या हाताला खाज सुटते, बाजार वर गेला की काढू, खाली गेला की काढू, असं ज्याला वाटतं, त्याच्यासाठी हे कुलूप वरदानच आहे. कंपनी भरायला तयार असेल तर ती सोय जरूर घ्या.

पन्नाशीनंतर

विशीत पडझड फायद्याची होती, ती साठीच्या उंबरठ्यावर घातक ठरते, कारण आता खरेदी संपलेली असते आणि काढायला सुरुवात होणार असते. २००८ च्या जानेवारीत निवृत्त झालेला, सगळा पैसा इक्विटीत असलेला माणूस पुढच्या वर्षी काय करणार होता? म्हणून निवृत्तीच्या सात-आठ वर्षं आधीपासून दरवर्षी थोडा थोडा पैसा इक्विटीतून काढून डेट फंड (रोख्यांत पैसे ठेवणारे फंड), एफडी, सरकारी योजनांकडे वळवायचा. साठीला पाच-सात वर्षांचा खर्च अशा स्थिर जागी असावा आणि उरलेला इक्विटीत राहू द्यावा, कारण साठीनंतरही पंचवीस वर्षं महागाई थांबत नाही. वर्षभरानंतर विकलेल्या इक्विटी युनिटांवर, जुलै २०२४ पासूनच्या नियमानुसार, वर्षाला सव्वा लाखांपुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो. त्यामुळे एकदम काढण्यापेक्षा बऱ्याच वर्षांत विभागून काढणं करातही परवडतं. दर महिन्याला ठरावीक रक्कम खात्यात यावी अशी एसडब्ल्यूपीची सोय फंडात असते. पेन्शनसारखी तीच रक्कम पहिल्या तारखेला येते.

सुरुवात करायला पॅन, आधार आणि बँक खातं पुरतं. केवायसी मोबाइलवर होते, बँकेला ई-मँडेट दिलं की दर महिन्याला पैसे आपोआप कापले जातात. तारीख पगाराच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसाची घ्या, महिनाअखेरीची नको. पाचशे रुपयांनीही चालतं. फोलिओत (फंडाच्या प्रत्येक खात्यात), पीएफमध्ये आणि बँक खात्यात नॉमिनी नोंदवा. लग्नानंतर नॉमिनी बदलायचा राहून जातो, तोही तपासा. पॅनवर नोंदलेल्या ईमेलवर सगळ्या फंडांचं एकत्रित स्टेटमेंट येतं. ते कुठल्या ईमेलवर येतं आणि यूएएन काय आहे, हे घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असू द्या.